वखारीतून वकिलातीत

पुण्यात विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहकाराचे शिक्षण देणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. वैकुंठभाई मेहता यांचे नाव तिला देण्यात आले आहे आणि ते यथार्थ आहे. प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार त्यांनी अनेक वर्षे वाहिला, मुंबई राज्याचे अर्थ व सहकार खाते सांभाळले, आणि प्रवरानगरच्या माळावर शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहत असताना विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पाठीशी ते उभे राहिले. पुढे खादी-ग्रामोद्योग आयोगाचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. या वैकुंठभाईंना एक धाकटे बंधू होते. गगनविहारी लल्लुभाई मेहता हे त्यांचे नाव. ते जहाज कंपनीचे व्यवस्थापक होते, बड्या व्यापाऱ्यांच्या महासंघाचे अध्यक्ष होते, आणि १९५२ ते १९५८ अशी सहा वर्षे स्वतंत्र भारताचे वॉशिंग्टनमधील राजदूत होते. त्यांचे नाव आजच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रश्नाची उकल आज करायची आहे, त्याची जवळजवळ सर्व अंगे या एका माणसाच्या चरित्रात सापडतात.

तो प्रश्न असा : जो मनुष्य आयुष्याची उमेदीची वर्षे कंपनीच्या हिताची राखण करण्यात घालवतो, तो देशाचा वकील म्हणून परक्या दरबारात उभा राहतो तेव्हा कोणाची बाजू मांडतो?

प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लादले, आणि त्या वर्षीच्या वाटाघाटींत अमेरिकेचा मका, सोयाबीन व दुग्धजन्य पदार्थ यांना भारताची बाजारपेठ खुली करावी, हा आग्रह सतत धरला जात होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांनी गाझा आणि युक्रेन या दोन्ही रक्तरंजित प्रश्नांच्या वाटाघाटी स्टीव्ह विटकॉफ या घरबांधणीच्या धंद्यात हयात घालवलेल्या आपल्या स्नेह्याच्या हाती सोपविल्या. मुत्सद्देगिरी म्हणजे सौदा आणि सौदा करावा व्यापाऱ्यानेच, हे तत्त्वज्ञान आता उघडपणे मांडले जाते. भारतातही ‘खाजगी क्षेत्रातील कर्तबगार माणसे सरकारात आणा’ हा घोष गेली काही वर्षे चालू आहे. अशा वेळी जुने दप्तर उघडून पाहणे हे केवळ इतिहासप्रेम ठरत नाही.

गगनविहारी मेहता यांच्याविषयी लिहिताना न्यायबुद्धी सोडण्याचे कारण नाही. त्यांचे वडील सर लल्लुभाई सामळदास हे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी हे त्यांचे सहकारी. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा हिंदी समुद्रावर ब्रिटिश जहाज कंपन्यांची निरंकुश मक्तेदारी होती. हिंदी कंपनी बुडावी म्हणून त्या कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाटेल तसे खाली आणले. सरकार त्यांचे, टपालाची कंत्राटे त्यांची, बंदरेही त्यांच्याच सोयीची. अशा परिस्थितीत तग धरून राहणे हा केवळ नफ्याचा व्यवहार नव्हता. त्यात स्वदेशीची झुंज होती, आणि ती नाकारणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल.

गगनविहारी यांनी लंडनमध्ये अर्थशास्त्राचे अध्ययन केले, ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या राष्ट्रीय वृत्तीच्या दैनिकात काही काळ काम केले, आणि नंतर ते सिंदिया कंपनीत गेले. कलकत्त्याच्या कचेरीचा कारभार त्यांनी १९२८ पासून १९४७ पर्यंत पाहिला. १९४२-४३ साली ते ‘फिक्की’ या व्यापारी-उद्योगपतींच्या महासंघाचे अध्यक्ष होते. ते वर्ष विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी अच्युतराव पटवर्धन, राममनोहर लोहिया, एस. एम. जोशी हे भूमिगत होते, जयप्रकाशांनी हजारीबागचा तुरुंग फोडला होता, आणि साताऱ्यात प्रतिसरकारची बीजे रुजत होती. देशातील उद्योगपती वर्गाचे मन स्वातंत्र्याकडे ओढत होते यात शंका नाही. पण त्याच युद्धकाळात त्यांच्या गिरण्यांचे आणि कारखान्यांचे नफेही फुगत होते, ही त्या नाण्याची दुसरी बाजू. राष्ट्रीय भांडवलदार या शब्दातील ‘राष्ट्रीय’ आणि ‘भांडवलदार’ ही दोन्ही पदे खरी असतात. एकच वाचणारा फसतो.

स्वातंत्र्य आले आणि मेहता यांच्या जीवनाचे दुसरे पर्व सुरू झाले. १९४७ साली ते जकात मंडळाचे अध्यक्ष झाले. कोणत्या देशी धंद्याला परदेशी मालापासून संरक्षण द्यावयाचे, किती द्यावयाचे आणि किती वर्षे, हे ठरविणारे हे मंडळ. कारखानदारांनी अर्ज करावयाचे, मंडळाने उत्पादनखर्च तपासावयाचा, आणि सरकारला शिफारस करावयाची. संरक्षक जकातीचे धोरण नव्या राष्ट्राला आवश्यकच होते. परंतु जकातीचा भार अखेर कापड, साखर, सायकल विकत घेणाऱ्या सामान्य ग्राहकावर पडतो, आणि तिचा लाभ प्रथम कारखान्याच्या मालकाला मिळतो. काल ज्यांनी महासंघाचे अध्यक्ष म्हणून उद्योगपतींची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, तेच आज न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्याच उद्योगपतींचे अर्ज ऐकू लागले. यात मेहता यांच्या सचोटीविषयी संशय घेण्याची गरज नाही. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नसून व्यवस्थेच्या रचनेचा आहे. कामगार संघटनेच्या अध्यक्षाला वेतन मंडळाचे अध्यक्षपद देण्याचा विचार त्या काळी कोणी बोलून दाखविला असता, तर केवढा गहजब झाला असता! मालकांच्या महासंघाचा माणूस मात्र ‘तज्ज्ञ’ म्हणून सहज आत येतो. वर्गसत्ता ती हीच. ती दार फोडून येत नाही. दार तिच्यासाठी आतूनच उघडले जाते.

मार्च १९५० मध्ये नियोजन मंडळ स्थापन झाले. पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष आणि गुलझारीलाल नंदा उपाध्यक्ष. सदस्यांत चिंतामणराव देशमुख होते, नागपूरचे रा. कृ. पाटील होते, आणि गगनविहारी मेहताही होते. समाजवादाची भाषा बोलणाऱ्या सरकारने पहिल्या योजनेच्या आखणीसाठी खाजगी उद्योगाचा एक प्रतिनिधी जवळ बसवून घेतला. मिश्र अर्थव्यवस्था म्हणजे काय, याचे हे चित्र पुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक बोलके आहे. सिंदिया कंपनीने विशाखापट्टणम येथे उभारलेली जहाजबांधणीची गोदी १९५२ साली सरकारच्या ताब्यात आली. ज्या धंद्यात जोखीम मोठी आणि परतावा लांबचा तो सरकारने घ्यावा, आणि नफ्याचा धंदा कंपनीकडे राहावा, ही वाटणी त्या काळापासून रूढ होत गेली.

त्याच १९५२ साली मेहता राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. तेथील त्यांच्या सहा वर्षांतील १९५५ हे साल पुण्याच्या आणि महाराष्ट्राच्या समाजवादी कार्यकर्त्याला विशेष जवळचे आहे.

त्या वर्षीचा घटनाक्रम नीट पाहावा. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहाय्यक समितीने सत्याग्रहाची हाक दिली होती. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह्यांची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रह्यांना निर्दयपणे झोडपले. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलै महिन्यात मधु लिमये आत गेले, त्यांच्याही वाट्याला दीर्घ कारावास आला. १५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रह्यांवर सीमेवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि वीसहून अधिक माणसे ठार झाली.

या गोळीबारानंतर सात दिवसांनी, २२ ऑगस्टला, भारताचे राजदूत गगनविहारी मेहता अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टनच्या विमानतळावरील उपाहारगृहात आपल्या सचिवासह भोजनासाठी बसले. त्यांचा वर्ण पाहून त्यांना मुख्य दालनातून उठवून वेगळ्या खोलीत बसण्यास सांगण्यात आले. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या पंक्तीत बसावयाचे नाही, हा तिथला रिवाज. एका मोठ्या राष्ट्राचा राजदूत, उद्योगपतींच्या महासंघाचा माजी अध्यक्ष, इंग्रजी भाषेवर आणि विनोदावर प्रभुत्व असलेला सुसंस्कृत गृहस्थ. पण त्या उपाहारगृहाच्या दारात त्याची सारी बिरुदे गळून पडली आणि उरली फक्त कातडी. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी तातडीने दिलगिरी व्यक्त केली.

आणि डिसेंबर उजाडला. १ डिसेंबरला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिलाई करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगार स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबरला, त्याच डलेससाहेबांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासमवेत एक संयुक्त निवेदन काढले आणि त्यात गोव्याचा समावेश असलेल्या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे ‘प्रांत’ असा केला. भारतात संतापाची लाट उसळली. नानासाहेब आणि त्यांचे सहकारी त्या वेळी गोव्यातील कोठडीत होते.

या दोन प्रसंगांतील भेद हाच खरा बोध आहे. राजदूताच्या अपमानाबद्दल डलेस यांनी लगेच क्षमा मागितली. एका जनतेच्या अपमानाबद्दल क्षमा तर दूरच, त्या अपमानावर त्यांनी स्वाक्षरी केली. कारण पोर्तुगाल हा ‘नाटो’ लष्करी गटातील सदस्य होता आणि अझोर्स बेटांवरील विमानतळ अमेरिकेला हवा होता. राजदूत किती विद्वान, किती चतुर, अमेरिकन उद्योगपतींशी त्याची किती ओळख, याने त्या हिशेबात तसूभरही फरक पडला नाही. ‘व्यापारी माणूस व्यापारी राष्ट्राशी चांगले बोलू शकेल’ हा युक्तिवाद जेव्हा केला जातो, तेव्हा १९५५ च्या डिसेंबराची आठवण करून द्यावी. गोवा अखेर मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, आणि तोही अमेरिकेचा विरोध पत्करून. ती कृती करण्याचे नैतिक बळ सरकारला मिळाले ते सत्याग्रह्यांच्या बलिदानातून. परराष्ट्र धोरणाची ताकद मेजवान्यांच्या दालनात निर्माण होत नाही. ती पत्रादेवीच्या आणि बांद्याच्या रस्त्यावर निर्माण होते, आणि राजदूताने ती तिकडे नेऊन पोहोचवावयाची असते.

मेहता यांच्या कारकिर्दीचा शेवटचा काळ वेगळ्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५४ साली अमेरिकेने शिल्लक धान्याच्या विक्रीचा पी. एल. ४८० हा कायदा केला आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये भारताने त्याखालील पहिला मोठा करार केला. १९५७ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी कर्जाच्या शोधात वॉशिंग्टनला गेले. १९५८ च्या ऑगस्टमध्ये भारताला मदत देणाऱ्या राष्ट्रांचा गट जागतिक बँकेच्या छत्राखाली प्रथम एकत्र बसला. आणि याच सुमारास दिल्लीत अमेरिकेचे राजदूत कोण होते? एल्सवर्थ बंकर. नॅशनल शुगर रिफायनिंग या अमेरिकेतील साखर कंपनीचे ते अध्यक्ष राहिलेले. म्हणजे या धान्याच्या आणि कर्जाच्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये जहाज कंपनीचे माजी व्यवस्थापक बसले होते, तर दिल्लीत साखर कंपनीचे माजी अध्यक्ष. हेच सौजन्यशील बंकर पुढे १९६७ पासून १९७३ पर्यंत सायगावला अमेरिकेचे राजदूत होते. व्हिएतनामच्या खेड्यांवर बॉम्बवर्षाव होत असतानाच्या त्या वर्षांत अमेरिकेच्या धोरणाचे ते खंबीर समर्थक राहिले. साखरेच्या धंद्यातला मितभाषी, मनमिळाऊ माणूस युद्धयंत्राचाही उत्तम कारभारी होऊ शकतो. कारण दोन्हीकडे त्याला विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : काम पार पडले की नाही? ते काम न्यायाचे की अन्यायाचे, हे विचारण्याची सवय कंपनीच्या कचेरीत लागत नाही.

१९५८ साली मेहता मायदेशी परतले आणि ‘आयसीआयसीआय’ या औद्योगिक पतपुरवठा संस्थेचे अध्यक्ष झाले. ही संस्था १९५५ साली जागतिक बँक, भारत सरकार आणि खाजगी उद्योगपती यांच्या पुढाकाराने निघाली होती. जागतिक बँकेकडून परकीय चलनात कर्ज घ्यावयाचे आणि ते भारतातील खाजगी उद्योगांना पुरवावयाचे, हे तिचे मुख्य कार्य. वर्तुळ असे पूर्ण झाले. कंपनीतून महासंघात, महासंघातून जकात मंडळात, तेथून नियोजन मंडळात, नियोजन मंडळातून जागतिक बँकेचे शहर असलेल्या वॉशिंग्टनला, आणि तेथून त्याच बँकेच्या पैशावर चालणाऱ्या, कंपन्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेत. या प्रवासात एकही पाऊल बेकायदेशीर नव्हते, एकही पाऊल लपूनछपून टाकलेले नव्हते. म्हणूनच ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. भ्रष्टाचार पकडता येतो. प्रतिष्ठित राजमार्ग पकडता येत नाही. आणि त्या मार्गावर, मोठ्या भावाचा ज्यांच्याशी आयुष्यभर संबंध आला त्या सोसायटीच्या सभासदांना, ऊस उत्पादकांना, विणकरांना कुठे उतरावयाचे स्थानकच नव्हते.

पुणे शहराला हा प्रकार खरे म्हणजे फार जुना आहे. मुळा-मुठेच्या संगमावर ज्या बंगल्यात १७८६ पासून इंग्रजांचे रेसिडेंट राहू लागले, त्यांतील पहिले चार्ल्स मॅलेट हे ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर. कंपनीच्या खात्यात कारकुनीपासून आरंभ करून, खंबायतच्या ठाण्यावर व्यापाराची देखरेख करून ते पेशव्यांच्या दरबारी वकील म्हणून आले. १७९० साली टिपूविरुद्धचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला. नाना फडणीस सावध होते. पण वखार आणि वकिलात यांतील भिंत कंपनीनेच पाडून टाकलेली होती. व्यापाराचे हित हेच राज्याचे हित, असे एकदा ठरले की पुढचे सारे ओघाने येते. १८१७ च्या नोव्हेंबरात संगमावरची रेसिडेन्सी जळाली, पण शनिवारवाड्यावरचे निशाण बदलावयाचे राहिले नाही. कंपनीचे राज्य म्हणजे काय, हे पुण्याने पुस्तकातून शिकलेले नाही.

दुसरे उदाहरण समाजवाद्यांच्या स्वतःच्या अंगणातले आहे, म्हणून ते टाळता कामा नये. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले. उद्योग खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते, रेल्वे मधु दंडवते यांच्याकडे. परकीय भांडवलाच्या कायद्याप्रमाणे वागण्यास नकार देणाऱ्या कोका-कोला कंपनीने गाशा गुंडाळला, आयबीएम त्याच मार्गाने गेली. आणि याच सरकारने वॉशिंग्टनला राजदूत म्हणून पाठविले ते नानी पालखीवाला यांना. पालखीवाला हे थोर कायदेपंडित खरेच. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व प्रस्थापित झाले त्यात त्यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा इंदिरा गांधींचे वकीलपत्र त्यांनी परत केले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु तेच पालखीवाला टाटा सन्सचे संचालक होते, मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणाऱ्या फोरमचे अध्यक्ष होते, आणि बँक राष्ट्रीयीकरणाविरुद्ध व संस्थानिकांच्या तनख्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले होते. नागरिकांच्या स्वातंत्र्याचे आणि मालमत्तेच्या स्वातंत्र्याचे ते एकाच निष्ठेने रक्षण करीत. समाजवाद्याला पहिल्यासाठी त्यांचे आभार मानावे लागतात आणि दुसऱ्यासाठी त्यांच्याशी भांडावे लागते. ते वॉशिंग्टनला असताना तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इंधनाचा प्रश्न पेटला होता. १९६३ च्या कराराप्रमाणे इंधन पुरविण्यास बांधलेली अमेरिका १९७८ च्या नव्या कायद्याचा आधार घेऊन मागे सरू पाहत होती. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील त्या केंद्राचे भवितव्य करारनाम्यावरील स्वाक्षरी पाळली जाते की नाही यावर अवलंबून होते. दिल्या शब्दाचे मोल बलवान राष्ट्राला किती असते, हे निष्णात वकिलालाही तिथे दिसून आले असेल.

त्याच जनता सरकारने लंडनला उच्चायुक्त म्हणून पाठविले ते नानासाहेब गोरे यांना. ज्यांच्या पाठीवर पोर्तुगीज पोलिसांच्या लाठ्यांचे वळ उठले होते, जे पुण्याचे खासदार आणि महापौर झाले होते, असे नानासाहेब १९७७ ते १९७९ या काळात साम्राज्याच्या जुन्या राजधानीत भारताची बाजू मांडत होते. लंडनमधील ते दिवस कसे होते? ग्रनविक कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वंशाच्या कामगार स्त्रिया संपावर होत्या. १९७९ च्या आरंभी हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी घेतल्याचे उघडकीस आले. भारताने तीव्र निषेध केला आणि ब्रिटिश सरकारला ती घृणास्पद प्रथा थांबवावी लागली. ह्यूस्टनला अपमान राजदूताचा झाला होता, हीथ्रोला एका सामान्य स्त्रीचा. सामान्य माणसाचा अपमान हा राष्ट्राचा अपमान आहे हे जाणणारे सरकार आणि तसा प्रतिनिधी असेल तरच अशा निषेधाला धार येते. वॉशिंग्टनला कंपनीचा संचालक आणि लंडनला सत्याग्रही अशी ही जनता सरकारची जोडी त्या सरकारच्या अंतर्गत विसंगतीचे अचूक चित्र होती. समाजवादी मंत्री मंत्रिमंडळात बसले असताना हे झाले, म्हणून त्या नेमणुकीचा वाटा त्यांच्याही पदरी पडतो. परराष्ट्र धोरण हे आपले क्षेत्र नव्हे, अशी समजूत पक्षातही खोलवर होती. ती आजही पुरती गेलेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सनदी नोकरीतून वर आलेला राजदूत जनतेचा असतो काय? त्याची पार्श्वभूमीही बहुधा त्याच शाळांची, त्याच वसाहतींची. आणि पक्षाचा कार्यकर्ता पाठविला, तर तीही बक्षिशीच नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर असे की, कसोटी जन्माची वा पेशाची नसावी, उत्तरदायित्वाची असावी. सनदी अधिकारी नियमांनी बांधलेला असतो. निवृत्तीनंतर लगेच खाजगी नोकरी धरण्यावर त्याला बंधन असते. लोकांतून आलेला कार्यकर्ता निदान आपल्या मतदारांना आणि संघटनेला तोंड दाखवायला बांधलेला असतो. कंपनीतून आलेला माणूस मात्र भागधारकांना जबाबदार राहण्याची शिस्त घेऊन येतो आणि बहुधा तिकडेच परततो. मधल्या काळात तो कोणाला जबाबदार असतो, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेत लिहिलेले नाही. अमेरिकेत निदान राजदूताच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. धनिकांना दूतावास वाटण्याची रीत तिथे मुबलक असली तरी उघड चौकशीला त्यांना सामोरे जावे लागते. भारतात संसदेला असा अधिकारच नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ वरिष्ठ जागा थेट बाहेरून भरण्याची जाहिरात काढली. त्यात राखीव जागा नव्हत्या. देशभर विरोध झाला आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घ्यावी लागली. तो विजय लहान नव्हता. पण तो विरोध राखीव जागांच्या मुद्द्यावर थांबला. ‘तज्ज्ञ’ म्हणजे कोण, हा मूळ प्रश्न बाजूला राहिला. दुधाचा भाव पडला तर संसार कसा कोसळतो, हे जाणणारी जुन्नर-संगमनेरची शेतकरी स्त्री दुग्धव्यापाराच्या प्रश्नावर तज्ज्ञ का ठरत नाही? आयात सोयाबीनमुळे लातूरच्या बाजार समितीत काय होते, हे सांगणारा अडत्यासमोर उभा असलेला शेतकरी व्यापार करारावर बोलण्यास अपात्र का? जहाज कंपनीच्या व्यवस्थापकाला जकातीचे ज्ञान असते, हे १९४७ साली मान्य झाले. त्याच जहाजाच्या इंजिनखोलीत घाम गाळणाऱ्या रत्नागिरीच्या खलाशालाही ते असते, हे मान्य व्हावयाचे अजून बाकी आहे.

म्हणून पक्षाने तीन मागण्या स्पष्टपणे हाती घेतल्या पाहिजेत. पहिली, बाहेरून नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक राजदूताने व विशेष दूताने आपले आणि आपल्या कुटुंबाचे आर्थिक हितसंबंध पद स्वीकारण्यापूर्वी जाहीर करावेत, आणि पद सोडल्यावर ज्या उद्योगांशी त्या पदावरून संबंध आला, त्यांत काही वर्षे तरी जाऊ नये. दुसरी, अशा नेमणुकीपूर्वी संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे त्या व्यक्तीची उघड सुनावणी व्हावी. तिसरी, व्यापारविषयक वाटाघाटींच्या शिष्टमंडळाबरोबर जसे उद्योगपतींचे महासंघ असतात, तसे शेतकरी, सहकारी संस्था आणि कामगार संघटना यांचे प्रतिनिधीही असावेत, आणि कराराचा मसुदा स्वाक्षरीपूर्वी संसदेत यावा.

या मागण्या दिल्लीत मान्य होतील तेव्हा होतील. त्याआधी तालुक्याच्या शाखेने करावयाचे काम वेगळे आहे. आयातशुल्क, शिल्लक धान्य, परकीय कर्ज हे शब्द अभ्यासवर्गात आले पाहिजेत, आणि करारातील एका कलमाचा आपल्या बाजारावर काय परिणाम होतो, हे कार्यकर्त्याला चावडीवर उलगडून सांगता आले पाहिजे. गगनविहारी मेहता हे विद्वान होते, देशभक्त होते, आणि त्यांचा वर्ग त्यांना जिथे घेऊन गेला, तिथे ते प्रामाणिकपणे गेले. दोष असलाच तर ज्यांनी ती जागा मोकळी सोडली त्यांचा आहे. वैकुंठभाईंच्या नावाची संस्था पुण्यात उभी आहे. तिथे शिकणाऱ्या सहकाराच्या शिलेदारांतून उद्या वॉशिंग्टनला बोलणारा आवाज निघू नये, असा कोणताही नियम नाही. तो निघेल इतकी तयारी करणे, हे चळवळीचे काम आहे.